एकशे तीस सेंटिमीटर

जुना पंख नव्वदचा होता.
विमान वाईट नव्हतं, घाईचं होतं.
हातातून सुटलं की थेट पुलाकडे,
आणि भिकन आप्पांचा अंगठा
काठी ढकलेपर्यंत
नाक वाळूत.

असं चार वेळा. चौथ्यांदा पंखा तुटला,
मोटरची दांडी वाकली.
आप्पा वाळू झटकत म्हणाले,
एकतीस वर्षं अमळनेर-धुळे गाडी चालवली,
माझ्या हाताला आधी रस्ता लागतो, मग वळण.
ह्याला रस्ता नाही, ब्रेकही नाही.
मग निदान हळू तरी चालू दे.

हळू म्हणजे मोठा पंख.
सरकीचं पोतं एकट्यानं उचलायचं
की चौघांनी कोपरे धरायचे,
एवढाच प्रश्न.

माझं दुकान फ्लेक्सचं, स्टेशन रोडला.
कोपऱ्यात दिवाळीपासून एक फोमबोर्ड उभा होता,
कुणाच्या तरी वाढदिवसाचा.
सांगणारा न्यायला आलाच नाही.
आखला: एकशे तीस लांब, बावीस रुंद.
डाव्या पंखावर आलं हार्दिक,
उजव्यावर शुभेच्छा.
नाव आणि फोटो कातरणात गेले.
वरचा कागद ओला करून सोलला,
छापलेला खाली ठेवला, तेवढीच ताकद.
गोंदाची बंदूक तापेपर्यंत आप्पा
पंखाच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवत राहिले,
नव्या टायरवरून फिरवावं तसं.

पहिल्या दिवशी ते वर गेलं, वळलं,
आणि दोन्ही पंखांनी आकाशात टाळी वाजवली.
एकच.
मधे कामटी घालायची राहिली, मी म्हणालो.
राहिली नव्हती.
वजन वाढेल म्हणून मीच टाळली होती.
आप्पांना हे अजून माहीत नाही.

मग शकूरभाईंकडून पतंगाची कामटी आणली,
टोकापासून टोकापर्यंत चिकटवली.
आता पंख वाकेना, पण विमान
नाक वर, नाक खाली,
नाक वर, नाक खाली,
गतिरोधकावरून गतिरोधकावर.
आप्पा ओळखीचं हसले.
पंख वाढला होता, शेपूट तेवढंच राहिलं होतं.
तेही कापलं नवं, तीन बोटं जास्त रुंद.
मागे वजन आलं म्हणून बॅटरी पुढे सरकली.
रात्री ट्यूबलाइटखाली दोन बोटांवर तोललं,
कडेपासून सहा सेंटिमीटरवर.
पालीसारखं स्तब्ध राहिलं.

मे महिना. इथे आठनंतर
गोंद आपणहून सोडून देतो.
म्हणून पहाटे सहाला, बोरीच्या कोरड्या पात्रात,
आप्पा गळ्यात पट्टा अडकवून उभे,
मी धावलो, सोडलं.

हळू गेलं.
इतकं हळू की मला खाली वाचता आलं,
आधी शुभेच्छा, मग वळल्यावर हार्दिक.
समोरून येताना डावं उजवं होतं,
तिथेच आजवर सगळं मोडलं होतं.
ह्या वेळी आप्पांनी सरळ पाठ फिरवली,
मान वळवून खांद्यावरून बघितलं
आणि पुटपुटले, रिव्हर्स घेतोय.
सात फेऱ्या.

उतरायचं मात्र त्याच्या मनात नव्हतं.
मोटर बंद, तरी गुडघ्याएवढ्या उंचीवर
तरंगत चाललंय, चाललंय,
आम्ही आखलेल्या फक्कीच्या पट्टीवरून,
पट्टी संपली त्याच्याही पुढे,
शेळ्या बाजूला झाल्या,
शेळ्यांमागचा पोरगा ओरडला,
आते उतरस का नही?

टरबुजांच्या वाडीत जाऊन बसलं,
वेलांवर, काहीच न मोडता.
सुपडाबाई खाटेवरून उठली.
शिव्या येतील म्हणून आम्ही लांबच थांबलो.
तिनं ते दोन्ही हातांनी उचललं, उलटं केलं,
ओढणीनं धूळ पुसली का, की नुसतंच चाचपलं,
इथून नीट दिसलं नाही.
अक्षरं मात्र तिनं मोठ्यानं लावली,
एकेक करून, शेवटपर्यंत.
मग आमच्याकडे बघत हाळी दिली,
शुभेच्छा कोनले?

आप्पांचा अंगठा अजून काठीवर,
खाली दाबलेला.