खिडकी क्रमांक तीन

रविवारी सकाळी साडेआठला
नागझरीच्या पुलाशी आम्ही अकरा जण जमलो.
सगळ्यांच्या पायांत बूट, पाठीला सॅक,
चपलांत मी एकटाच.
मृण्मयी नावाची मुलगी, कमरेला छोटा स्पीकर,
म्हणाली, ‘ही इमारत तेवीस वर्षं बंद होती.’
बावीस, मी मनात म्हटलं.
किल्ली मीच दिली होती वॉर्ड ऑफिसरच्या हातात
आणि पोच घेतली होती.

आत गेलो तर उजेडच उजेड.
भिंती काळ्या दगडाच्या आहेत
हे इथं एकतीस वर्षं बसून मला ठाऊक नव्हतं.
आमच्या वेळी त्या छातीपर्यंत हिरव्या,
वर पिवळट चुना, त्यावर पंख्यांची काजळी.
‘रंगाचे सात थर निघाले,’ मृण्मयी सांगते,
‘हातानं, काथ्यानं घासून, पाच महिने.’
त्यातला चौथा मला आठवतो.
रंगाऱ्यानं डबा सांडला
आणि शकीला तांबोळींच्या जांभळ्या साडीचा काठ
रिटायर होईस्तोवर हिरवा राहिला.

तिसरी पायरी मधोमध खोलगट.
पाण्यानं झिजली का? कुणीतरी विचारतं.
बहुधा, ती म्हणते.
पाणी कुठलं, बाई.
इथं बारशाआधीचे बाप उभे असायचे
या पायावरचा भार त्या पायावर टाकत,
आणि त्यांच्याच मागे
नुकतं डोकं भादरलेले मुलगे.
रांग एकच. खिडकीही एकच,
कारण चार नंबरचा कारकून
कायम रजेवर.

निळी शाई जन्माला. काळी दुसऱ्याला.
कितीजण नाव न ठरवताच यायचे,
म्हणायचे, साहेब, तुम्हीच घाला काहीतरी.
मी रकाना कोरा सोडायचो. नियम होता.
एकदाच मोडला. कासेवाडीत कुठेतरी
आज बेचाळिशीची एक बाई असेल,
तिला माझ्या आईच्या नावानं हाका मारत असतील.

खिडकीच्या जागी आता काच,
काचेमागे पाटी, पाटीवर छोटासा दिवा:
‘सुट्टे पैसे आणावेत.
मुलाचे नाव घरून ठरवून यावे.’
खाली चिठ्ठी: लाकडी फळीवर तेलरंग, लेखक अज्ञात.
दहाही जण हसले, फोटो काढले.
मीही हसलो.
‘अक्षर बघ पण,’ एक जण बायकोला म्हणाला.
शेवटच्या ‘यावे’ची मात्रा जरा कलली आहे.
ताप होता त्या दिवशी.
सांगणार होतो,
पण स्पीकर पुढच्या दालनात पोचला होता.

पुढचं दालन म्हणजे आमची रेकॉर्ड रूम.
कसर, फडकी, डांबरगोळ्या, सुतळीचे गठ्ठे.
आता चाळीस टेबलं, चाळीस दिवे,
चाळीस पाण्याच्या बाटल्या
आणि स्पर्धा परीक्षांची शांतता.
जिथं ‘मृत्यू, १९५० ते १९६८’ हे कपाट होतं
तिथं एक मुलगा राज्यघटनेवर गाल टेकून
गाढ झोपला होता.
डब्यावर खिळ्यानं कोरलेलं: सोपान मुंढे, गंगाखेड.

मी जरा थांबलो. तेवढ्यात तो दचकून उठला,
आणि मला इथलाच कुणी समजून म्हणाला,
‘काका, वायफाय दोन दिवस बंद आहे,
कुणाला सांगायचं?’

‘अर्ज करा,’ मी म्हटलं. ‘दोन प्रतींत.’
हे माझ्या तोंडून गेलं की त्या दगडातून, देव जाणे.
त्यानं मुकाट्यानं वहीचं पान फाडलं.
लिहायला लागला. पेन दाबून धरतो,
समास सोडत नाही.
मी खुर्ची ओढली.
‘डावीकडे दोन बोटं जागा सोड,’ म्हटलं,
‘आणि विषय आधी लिही. विषय आधी.’

बाहेर मृण्मयी माणसं मोजत होती.
पुन्हा पुन्हा मोजत होती,
दहाच भरत होती.