अभ्र्याचा अर्धा तारा

पुण्याच्या पेपरात आलं : ‘रंगेल माणसाच्या
उतारवयाचं धीट, हळवं चित्रण.’
मुंबईकर म्हणाले, शेवटी नायक
रिकाम्या पलंगाकडे बघतो, ते सात सेकंद
मराठी पडद्यानं पूर्वी पाहिले नव्हते.

मी मिरजकर तिकटीला, चहा गार करत,
तीनशेपैकी दोनशे चाळीस शब्द लिहून बसलेला.
‘एकाकीपण’ तीनदा आलं होतं. एक खोडलं.

दुपारच्या खेळाला परत गेलो. आम्ही अकरा जण.
मागं सुलभाताई घोरपडे.
स्टुडिओ चालू होते तेव्हा केशभूषा करायच्या,
किती नायकांचे टोप त्यांनी डिंकानं बसवलेत.
सात सेकंद सुरू झाले
आणि त्या हसल्या. चांगल्या खदाखदा.

बाहेर स्कूटर काढताना विचारलं, का हो?
‘आरं, कलप लावून निजतोय गडी
आन् उशीचा अभ्रा पांढराफेक?
धुतंय कोण, दावलंय कुठं?’

घरी आलो. आईची पेटी उघडली, नऊ वर्षांनी.
तिनं शिवलेले अभ्रे. प्रत्येक जोडीत
एक फिका, एक गर्द चॉकलेटी.
लहानपणी वाटायचं, कापड कमी पडलं असेल.
बाबा शनिवारी भांग पाडून
गडहिंग्लजला हिशेबाला जायचे.

छापून आलं ते नेहमीचंच :
अभिनय संयत, छायाचित्रण देखणं.
फक्त संपादकांचा फोन,
साडेतीनाचे तीन का केलेस?
म्हटलं, अर्धा अभ्र्याचा.
‘कसल्या अभ्र्याचा?’

रंकाळ्यावर वारं होतं.
ऐकू येत नाही म्हणालो.