मधलं नाव

अशोकस्तंभाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस.
तीन खुर्च्या, त्यातली एक बोरस्ते साहेबांची,
आणि चारशे बारा ग्राहक,
ज्यांच्या वेबसाइट आम्ही दूरच्या सर्व्हरवर
भाड्यानं वसवतो.

पोर्टल विकत घेतलेलं, परदेशी घडणीचं.
त्याला माणूस दोन तुकड्यांतच कळतो,
पहिलं नाव, शेवटचं नाव.
भांडी बाजारातल्या वडनेऱ्यांनी फोनवर विचारलं,
मग आमच्या वडलांनी जायचं कुठं?
तेव्हा मी एक जादा रकाना उघडला.

एकाचे चार झाले.
फॅक्स सगळ्यात वर, कारण साहेबांना फॅक्सचा अभिमान.
जीएसटी. मधलं नाव. फोन कधी करावा.
पिंपळगावच्या दौलत मोगलांनी लिहिलं,
बेदाण्याच्या शेडवर रेंज नसते, रात्री आठनंतर.
मेहरुन्निसा कोकणींनी लिहिलं, शुक्रवारी दुपारी नको.
एकानं लिहिलं, कधीही करा, पैशांसाठी सोडून.

सगळं आत जमा होत होतं,
बाहेर काहीच उमटत नव्हतं.
लोक भरत, सेव्ह दाबत,
आणि पान कोरंच समोर यायचं,
मशीन बंद असताना
बँकेतून पासबुक परत यावं तसं.

एका रविवारी टेम्पलेट उघडलं.
महिरपी कंस, कंसात कंस.
सगळ्या रकान्यांवरून फिरून नाव शोधायचा कंटाळा केला,
सरळ लिहिलं, तिसरा दाखव.
मोजणी शून्यापासून असते हे विसरलो,
एकदा आपटलो, मग जमलं.
वडनेऱ्यांच्या पानावर वडील आले, दामोदर,
आणि म्हातारा दोन जिने चढून
तांब्याचा लोटा ठेवून गेला टेबलावर.
त्यात आता पेनं असतात.

दिवाळीनंतर साहेबांनी फॅक्सचा रकाना काढला.
एकच दात काढला, असं त्यांना वाटलं.
मागचे सगळे दात
एकेक घर पुढे सरकले.

सोमवारी बिलं गेली
दौलत रात्री आठनंतर मोगल यांना.
मेहरुन्निसा शुक्रवारी दुपारी नको कोकणी यांना.
आम्ही हसलो. साहेबसुद्धा हसले.
मग नाशिकरोडहून फोन.
मी रेवती पगारे, पोहण्याचे कपडे शिवते.
माझ्या नावात मधे माझी आई होती.
आज तिच्या जागी लिहिलंय,
काहीही चालेल.

मी म्हटलं, मॅडम, ते तुम्हीच भरलंय, फोनच्या वेळेसाठी.
हो, पण आईच्या जागी मला काहीही चालत नाही.
मागून एक बारीक आवाज आला, विचार त्याला, आकडा सरकला का?
आई प्रेसमध्ये होती, रेवती म्हणाली,
तीस वर्षं नोटांवरचे नंबर तपासले तिनं.
एक सरकला की अख्खा ताव बाद.

त्या रात्री मी तीन पुसला.
कंटाळा न करता सगळ्या रकान्यांवरून फिरलो,
ज्याचं नाव मधलं नाव, तोच दाखव.
कुणी वरचा काढो, खालचा घालो,
हाक नंबरानं मारायची नाही.
पान ताजं केलं.
रेवती इंदुमती पगारे.
स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं,
बरोबर आहे. आईनं दोनदा पाहिलं.

माझं स्वतःचं खातं तेवढं राहिलंय,
चाचणीसाठी उघडलेलं, पहिल्याच आठवड्यात.
त्यात मी अजून
प्रफुल्ल टेस्ट गायधनी.
बदलेन.
साहेब म्हणतात, बिलिंगचं आधी बघ.