कंसातला आकडा

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या दुसऱ्या गेटच्या आत,
भट्टीचं तापमान टिपणारा कॉम्प्युटर
महिनाभर रात्री दोनला
मुकाट बसून राहायचा.
नोंदींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर जायची, ती जात नव्हती.
चूक सांगत असेल तर कुठल्याशा टपालपेटीत,
जी उघडायची असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं.
हंचिनमनी साहेब म्हणाले, नोड्री भुजंग,
म्यान्युअल ओद्री.

मॅन्युअल म्हणजे पूर्वी काळा पडदा.
नाव टाइप केलं की पान यायचं,
क्यू दाबला की जायचं,
आणि कुठून आलो होतो
ते आपलं आपण लक्षात ठेवायचं.
आता ट्रेनी आलेल्या रेवती हुंदरेनं
सगळी पानं ब्राउझरमध्ये उघडतील अशी करून ठेवलीत.
शब्दाखाली निळी रेघ,
रेघेवर टिचकी मारली की पलीकडचं पान,
आणि जाऊन आलेला शब्द जांभळा,
जांभळं खाल्लेल्या जिभेसारखा, लपवता न येणारा.

रात्रपाळीला वाचत बसलो.
नाव. सारांश. वर्णन.
आणि तळाशी एक रकाना: दोष.
ज्यानं केलं त्यानंच आपल्या हातानं लिहिलेले.
असा रकाना आमच्या कुठल्या कागदावर नाही.
जमिनीच्या उताऱ्यावर नाही, लग्नपत्रिकेवर नाही,
मोर्च्याच्या पत्रकावर तर नाहीच नाही.

वाट चुकलो तेही बरं झालं.
स्लीपवरून अलार्म, अलार्मवरून सिग्नल,
सिग्नलवरून किल.
किल म्हणजे मारणं नव्हे, असं तिथं लिहिलंय,
नुसता निरोप धाडणं.
ऐकून मरायचं का नाही
ते बहुतेक वेळा ज्याचं त्यानं बघायचं.
बाहेर साच्यात लोखंड ओतत होते,
खिडकीची काच तांबडी झाली, परत काळी झाली.
मी किलचं पान दोनदा वाचलं.

प्रत्येक नावापुढं कंसात आकडा.
एकाच नावाची दोन-दोन पानं असतात,
म्हणून कुठलं ते सांगावं लागतं.
हे मला कुणी शिकवायला नको की.
मी कंग्राळी खुर्दचा.
आत्याच्या पोराची वरात बुद्रुकला जाऊन
बँड वाजवत तासभर उभी होती,
नवरी इकडं खुर्दात, अक्षता मुठीत भिजलेल्या.
आणि ज्या शहरात आम्ही बाजाराला जातो
त्याचं नाव पाटीवर एक, आमच्या तोंडात एक,
कंस कुणीच घातला नाही.
आकडा असता तर निदान
भांडण तरी क्रमवार झालं असतं.

पहाटे तीनला, क्रॉनटॅबच्या पानाच्या बुडाशी,
'हेही पाहा'च्या ओळीत
परत क्रॉनटॅबच.
तोच शब्द, तेच स्पेलिंग, आपल्याकडंच बोट दाखवणारा.
कंसात पाच.
महिनाभर मी एक वाचत होतो.
बुद्रुकला उभा होतो, बँड घेऊन.

पाचात, एका लांबलचक परिच्छेदाच्या पोटात, होतं:
टक्क्याचं चिन्ह आलं की आज्ञा तिथंच तुटते.
आमच्या आज्ञेत तारखेसाठी टक्का होता.
अलीकडं एक उलटी तिरपी रेघ घातली.
एवढंच.
दोनच्या जागी साडेतीन लिहिलं
आणि हात मांडीखाली दाबून बसलो.
तीन एकतीसला नवी फाइल दिसली,
आजची तारीख कपाळावर लावून.

साहेब चहाचा कप घेऊन दारात. आयतेनु?
म्हटलं, आयत्री.
एल्लि इत्तु?
खुर्दात, साहेब.
ते बैलहोंगलचे. काही कळलं नाही त्यांना,
पण मान हलवली.

मी पान बंद केलं नाही.
मागं जायचं बटण दाबत राहिलो,
पाच, एक, किल, सिग्नल, अलार्म,
जांभळ्या शब्दांवरून, आलो तसाच उलटा,
आणि स्लीपच्या पानाशी पोचलो
तेव्हा पहिल्या पाळीचा भोंगा झाला.