बिनडागी

गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये
चार नंबरच्या प्रेसवर माझी सकाळपाळी.
हुपरीहून पहिली बस.
बोटांना अजून रात्रीच्या चांदीकामाचा वास.

माझं लहानपण डागात गेलं.
आप्पा फुंकणीनं जाळ वळवायचे,
पैंजणाच्या कडीला डाग द्यायचे,
आणि मी, आठ वर्षांची,
टाकणखाराची वाटी धरून श्वास रोखायची,
जाळ हलू नये म्हणून.
आमच्यात जोड म्हणजे आग.
दुसरा अर्थ मला माहीतच नव्हता.

इथं आग नाही.
हिरव्या बोर्डाला भोकं,
भोकांना आतून तांब्याचं अस्तर,
त्यावर कथिलाचा हात, नखाला लागणार नाही इतका.
आणि पिना. प्रत्येकीच्या पोटात नेढं,
वाकळेच्या सुईला असतं तसं,
फक्त यात दोरा ओवायचा नाही.
नेढ्यापाशी पिन भोकाहून केसभर रुंद,
मुद्दाम.

दस्तगीरभाई पहिल्या दिवशी म्हणाले,
"पिन मोठी न्हाई, त्रिशला. भोकबी बारीक न्हाई.
दोघं एकमेकाला जरा जास्त हायत.
तेवढ्यावरच चाललंय सगळं."
मग म्हणाले, लग्नासारखं.
हे ते सगळ्या नव्या पोरींना सांगतात.
मी हसले नाही.

बोर्ड साच्यावर, कनेक्टर वर,
दोन्ही हात दोन बटणांवर
(एक मोकळा असेल तर मशीन हलत नाही)
आणि अठ्ठेचाळीस पिना एकदम उतरतात.
नेढं मिटतं,
मिटता मिटता बाहेर रेटत राहतं.
तांबं जरासं सरकतं, जागा देतं, पण सगळी देत नाही.
स्क्रीनवर रेघ पन्हाळ्याचा घाट चढते,
माथ्यावर दमते,
मग एकदम उभी.
टेकलं.
धूर नाही. डोळ्यांत पाणी नाही.

बुधवारी तिसऱ्या खोक्यात
रेघ चढली, पण आळसट.
दिवा हिरवाच, मर्यादेच्या काठाला.
फक्त शेवटी प्रेस जे कण्हतं
ते कण्हलं नाही.
मी लॉट थांबवला.
प्लॅनिंगचे खवरेसाहेब धावत आले :
ट्रक उभा आहे, दिवा हिरवा आहे, तुला काय झालंय?
दस्तगीरभाई काही न बोलता गेज घेऊन बसले.
भोकं सैल. किती, तर
आप्पांच्या कानशीच्या एका घासाइतकी.

सैल जोड आज धरतो, साहेब.
मग कुणाची तरी गाडी आंबा घाटात
खड्ड्यात आदळते, आणि त्याला आठवतं
की आपल्याला कुणी नीट दाबलंच नव्हतं.
हे मी बोलले नाही. बस चुकेल म्हणून निघाले.

चांगला जोड लगेच ओढून बघायचा नसतो.
एक दिवस-रात्र थांबायचं.
त्या वेळात दोन धातू आपापलं काय ते ठरवतात.
मग काही बोर्ड मारायचे : पिना उलट्या ढकलायच्या,
एखादा जोड राळेत घालून उभा कापायचा, घासायचा, बघायचा.

तसला एक कापलेला तुकडा मी घरी नेला.
आप्पांनी डोळ्याला भिंग लावलं.
फुंकणीनं ओठाच्या कोपऱ्यात पाडलेला खड्डा
तेवढ्यापुरता ताणला गेला.
"डाग कुठाय?"
नाही.
"मग धरलंय कशानं?"
दाबानं.
बराच वेळ ते फट शोधत होते.
सापडली नाही. भिंग पुसून पुन्हा शोधली.

रात्री त्यांच्या खोलीत दिवा होता.
माझ्या पिशवीतली एक रद्दीतली पिन गेली होती.

सकाळी आप्पा उंबऱ्यावर,
हातात जुन्या पैंजणाचा तुकडा,
कडीच्या भोकात पकडीनं दाबून बसवलेली माझी पिन.
त्यांनी तो कानाशी नेला
आणि जोरात हलवला.

घुंगरू वाजलं.
पिन नाही.