कूडु

मुधोळ नको, विमल म्हणाली,
तो वाऱ्याचा. आपल्या चार खणांत
त्याचे पाय म्हातारे होतील.
अल्सेशियन कारखान्याच्या गेटवर बघितलाय,
त्याच्या लेखी आपण सगळेच चोर.
पामेरियन शेजारी मगदुमांकडं आहेच,
एकटा गल्लीला पुरतो.

चंदना काही बोलली नाही.
दाराच्या चौकटीवर, तिची उंची मोजायच्या रेघांशेजारी,
तिनं खडूनं एक रेघ मारली,
तिच्या खांद्याला लागेल अशी.
एवढा पायजे.

संकेश्वरला हिरेमठ मास्तरांच्या परसात
तो उभा होता. राखेच्या रंगाचा ग्रेट डेन,
चार वर्षांचा, पाडसासारखा उंच.
मास्तर हुबळीला लेकीकडं निघालेले,
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
मी आत पाऊल टाकलं तसा हळू चालत आला
आणि माझ्या मांडीला टेकला,
रात्रीच्या एस्टीत झोपलेला अनोळखी माणूस टेकतो तसा,
सगळ्या वजनानिशी, न विचारता.

मांस? विमलनं एवढंच विचारलं, पदर सावरून.
मास्तर हसले. आमच्या घरात कुठलं हो?
डाळ, दही, कण्या, डॉक्टरनं लिहून दिलेली पावडर.
पण जेवल्यावर पळवू नका, पोट पिळतं.
मग दोरी हातात गुंडाळत, माझ्याकडं न बघता:
मोठ्या जातीला आयुष्य आखूड.
आठ, फार तर नऊ.
चार माझ्याकडं झाली.
उरलेली त्यांनी दोरीसकट माझ्या हातात दिली.

टेम्पोतून सदलग्याला आणला. घरात शिरला
आणि शेपटीनं पहिला तांब्या पाडला.
कुकरच्या शिट्टीला भिऊन
चंदनाच्या पाठीमागं लपला, म्हणजे
त्याचं नाक तेवढं लपलं.

अडचण दुसरीच निघाली. त्याला मराठी येत नव्हतं.
गिऱ्हाइकाशी कानडी, उंबऱ्याच्या आत मराठी,
हा अप्पांचा नियम; दुकानाची पाटी
त्यांनी दोनदा रंगवून घेतलेली.
बस, म्हणाले अप्पा. तो उभा.
खाली बस. तो उभा, लाळ गाळत, प्रेमानं बघत.
बा म्हटलं की येतोय, चंदना म्हणाली.
अप्पा भडकले, कुत्र्याला बा म्हणू?
आणि तो आलाच, एका शब्दावर,
अप्पांच्या धोतरावर लाळेचा पट्टा ओढत.

आमच्याकडं दिवे लागायच्या आत ताटं उचलतात.
आठवड्यात तोही शिकला.
ऊन चौकटीवरून उतरलं की परातीपाशी जाऊन उभा राहतो.

काल दुपारी मी दुकानातून लवकर आलो.
घर झोपलेलं. सोप्यात अप्पा एकटे, आणि तो.
अप्पांनी आधी दाराकडं बघितलं, मग खिडकीकडं,
मग इतक्या हळू, की त्यालाच ऐकू जावं:
कूडु.

तो बसला. फरशी दणाणली.
मी चपला हातात घेऊन मागं फिरलो.

खडूची रेघ अजून आहे.
तो तिथं बरोबर लागतो, केसभरही कमीजास्त नाही.
चंदना मात्र जूनपासून
दोन बोटं वर गेली.