कितवा?

गेम फुकटचा होता, एकशे ऐंशी एमबीचा,
कुठल्यातरी थंड देशातल्या एकट्या माणसानं बनवलेला.
चेहरे चौकोनी. आवाज बहुतेक त्याच्याच फ्रिजचा.
आपण लिफ्टमन. पडद्यावर फक्त आपले हात.
रात्रभर माणसं येतात, मजला सांगतात,
मागे जाऊन उभी राहतात.
नियम एकच : वळून बघायचं नाही.

टागोरनगरात आल्विनच्या पोटमाळ्यावर
एका कीबोर्डवर आम्ही दोघं,
हँडल त्याच्याकडे, दार माझ्याकडे.
सतराव्या रात्री कुणीतरी नसलेला मजला सांगायचं
आणि आल्विन म्हणायचा, तू दाब, माझा हात घामेजलाय.
मी दाबायचे.
भीती काय ती त्या दाबण्यात होती.

आता त्याचा सिनेमा आलाय.
घाटकोपरचा मॉल, रात्री दहा पन्नासचा शो.
आल्विन दोहाला, म्हणून शेजारच्या खुर्चीत बाबा,
एसी बाधतो म्हणून स्वेटर घालून.
बाबा फोर्टात एकतीस वर्षं लिफ्टमन होते.
सिनेमा कशावर आहे, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

सिनेमातल्या लिफ्टमनला बायको आहे, बुडालेली मुलगी आहे.
भुतालासुद्धा बालपण आहे, उन्हातलं, पियानोसकट.
गेममध्ये कुणाला काहीच नव्हतं,
चौकोनी चेहऱ्यात ज्याचं त्यानं भरायचं.
मी भरायचे गणिताच्या शेवडे सरांना.
आल्विन कुणाला भरायचा, कधी बोलला नाही.
आता इतकं स्वच्छ दिसतं की दात मोजता येतात,
आणि मी मोजत बसते.

दहाव्या मिनिटाला बाबा कानाशी येतात,
"याचं स्टूल कुठंय?"
मागची रांग शुक् शुक् करते.
"रात्रभर उभं ठेवलंय माणसाला. पाय जातील त्याचे."

मध्यंतरात चारशे ऐंशीचे पॉपकॉर्न
ते एकेक करून खातात, हिशेबानं.
चौथ्या मजल्यावर एक पारशीण टायपिस्ट होत्या म्हणे,
त्यांच्या चपलेचा डावा पट्टा वाजायचा.
एका वकिलाच्या कोटाला बारमाही डांबरगोळीचा वास.
आणि चेहरे?
"चेहरे कुठले? पाठीमागे असायची ना सगळी.
जाळी ओढायची, समोर बघायचं.
साहेबलोकांकडे टक लावून बघत नाहीत."

मग तो प्रसंग, ज्याचं पोस्टर छापलंय :
अंधारा पॅसेज. दारावरचे आकडे एकेक पेटत वर येतात.
टिंग. दार सरकतं.
आत कुणी नाही.
अख्खं थिएटर किंचाळतं, पुढची मुलगी मित्राच्या दंडात नखं रुतवते,
माझ्या मांडीवरचे उरलेसुरले पॉपकॉर्न खाली सांडतात.
बाबा तसेच. चष्मा काढून पुसतात.
"आमच्याकडे दोन हजार अकरापासून
अशीच येते."

पुढे पडद्यावर बरंच रक्त सांडलं,
मला नीट आठवत नाही.
बटणांची लिफ्ट बसली त्यानंतर तीन महिने
बाबा डबा घेऊन रोजच्याच वेळी निघायचे.
आई म्हणायची, जाऊ दे त्यांना.
दिवसभर कुठे बसायचे, मी विचारलं नाही.
मी तेव्हा सतराव्या रात्रीत अडकले होते.

शो सुटला तेव्हा दीड वाजून गेलेला. सरकते जिने बंद.
लिफ्टमध्ये सातआठ जण, प्रत्येकाच्या हनुवटीवर मोबाइलचा उजेड.
बाबा न ठरवता बटणांपाशी जातात,
तोंड दाराकडे, पाठ आमच्याकडे,
उजवा हात हवेत जरासा वर,
हँडल असायचं तिथे.
"कितवा?"
"पी टू," मान वर न करता कुणीतरी.
"ग्राउंड."
"ग्राउंडच, काका."
मी सगळ्यांच्या मागे, आरशाला टेकून.
मलाही विचारतात, कितवा,
वळून न बघता.